मिस्त्रींच्या फरशीवर गालिचा

पडदेवाल्या बाईंनी सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या बैठकीच्या खोल्या सजवल्या. पडद्या-गालिच्यांच्या दुकानात त्या शिवणकामाला होत्या, पण मालकापेक्षा गिऱ्हाइकं त्यांचंच जास्त ऐकायची. "सोफ्याचे पुढचे दोन पाय तरी गालिच्यावर येऊ द्या," त्या सांगायच्या, "नाहीतर तो खोलीच्या मधोमध कुणाच्या हातून पडल्यासारखा दिसतो." लोक घरी जाऊन तसंच करायचे आणि पुढच्या वेळी येऊन सांगायचे, बाई, खोली उजळली.

त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र गालिचा सोडाच, पायपुसणंसुद्धा दाराच्या बाहेर होतं. कारण नवरा फरशी बसवणारा मिस्त्री. घरातली फरशी त्यांनी स्वतःच्या हातानं बसवली होती. फिकट राखाडी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकसलग. दोन लाद्यांमधला सांधा बोटाला लागायचा नाही, डोळ्यालाही दिसायचा नाही. लाद्यांच्याच रंगाची पूड सिमेंटमध्ये कालवून त्यांनी दोन महिने रोज कामावरून आल्यावर एकेक सांधा भरला होता. गालिच्याचा विषय निघाला की ते एवढंच म्हणायचे, "झाकायचीच होती तर मी कशाला मरमर केली?" आणि विषय तिथेच संपायचा.

मग मिस्त्रींना कंपवात झाला. आधी उजवा हात थरथरायला लागला, मग आवाज बारीक झाला, आणि तिसऱ्या वर्षी पाय अडायला लागले. चालता चालता मध्येच पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबायचे. अंग पुढे जायला निघालेलं आणि पाय मागेच. अशाच एका सकाळी ते खोलीच्या मधोमध तोंडावर पडले आणि मनगट मोडलं.

मुलगी रुग्णालयात नर्स होती. ती त्याच दिवशी आली आणि खोली रिकामी करून गेली. काचेचं टेबल गेलं, वेताच्या दोन खुर्च्या गेल्या, कोपऱ्यातली झाडाची कुंडीही गेली. भिंतीला धरून चालायला लोखंडी दांडी लागली. उरला तो सोफा आणि बाबांची उंच पाठीची खुर्ची.

"आई, नीट ऐक," मुलगी म्हणाली. "खाली जमिनीवर काहीही नको. चटई नको, चादर लोळायला नको, काही नको. आणि आता एकदा जरी पडले ना, तर बाबांना मी माझ्याकडे घेऊन जाणार. मग मला कुणी अडवायचं नाही."

बाईंनी मान डोलावली. पण कामावरून घरी येऊन दार उघडलं की समोर वॉर्ड दिसायचा. मिस्त्री खुर्चीत बसून त्या उघड्या फरशीकडे बघत असायचे, जसं एखादा माणूस नदीच्या पलीकडे बघतो. दिवसभरात खिडकीपर्यंत जायचीसुद्धा त्यांची हिंमत होत नव्हती.

एका गुरुवारी दुकानाच्या दर्शनी काचेतला नमुन्याचा गालिचा मालकांनी उतरवला. "बाई, न्या तुम्हाला हवा तर," ते म्हणाले. पाच फूट लांब, साडेतीन फूट रुंद. गर्द निळा, आणि त्यावर फूटफूटभर अंतरानं चार बोटं रुंद पांढरे आडवे पट्टे. बाईंनी जास्त विचार केला नाही. केला असता तर तो घरी आलाच नसता. त्यांनी दुकानातच त्याच्या पाठीला रबराची जाळी शिवली, चारही कडा दाबून टीप मारली, आणि काखेत गुंडाळी मारून घरी आणला.

मिस्त्रींनी गुंडाळी बघितली. "काय आहे ते?"

"गालिचा."

"नको."

"अहो, खोलीत काहीतरी असू दे. मला घरी आल्यासारखं वाटत नाही इथे."

"माझ्या फरशीवर नको," ते म्हणाले. आवाज इतका बारीक होता की बाईंना ओठांवरूनच कळलं. पण एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी नवऱ्याचं ऐकलं नाही. सोफ्याचे पुढचे पाय उचलून त्याखाली एक कड सरकवली आणि गालिचा खुर्चीपासून खिडकीच्या दिशेनं लांब अंथरला. खोलीचा रंगच पालटला. मिस्त्रींनी मान फिरवली ती रात्रीच्या जेवणापर्यंत फिरवलेलीच ठेवली.

दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. मिस्त्री जागेवरून हलले की त्या धावत जाऊन त्यांचा दंड धरायच्या आणि गालिच्याला वळसा घालून न्यायच्या. आपण स्वतःच्या हातानं सापळा लावलाय, हे त्यांना कळत होतं. तरी तो उचलवत नव्हता. शनिवारी मुलीचा फोन आला, "उद्या चारला येते." बाईंनी ठरवलं, साडेतीनला गुंडाळायचा आणि कपाटावर टाकायचा.

रविवारी तीनला त्या मागच्या गॅलरीत कपडे धुवायला गेल्या. मशीन घरघरत होतं. त्याच वेळी खाली मुलीची स्कूटर थांबली. तिच्या ब्रेकचा तो कर्कश आवाज मिस्त्रींनी ओळखला. तासभर आधीच आली होती.

त्यांनी बायकोला हाक मारली. एकदा, दोनदा, तीनदा. त्या आवाजानं शेजारच्या उशीवरची माशी उठली नसती.

मग ते खुर्चीचे हात धरून उठले.

बाई ओले कपडे बादलीत घेऊन मधल्या दारात आल्या तेव्हा मिस्त्री गालिच्याच्या कडेला उभे होते. एकटे. हात कशालाही टेकलेला नाही. बादली हातातून सुटता सुटता राहिली. त्याच क्षणी बाहेरच्या दारात किल्ली फिरली आणि मुलगी आत आली. तिनं वडिलांना पाहिलं, पायाखालचा गालिचा पाहिला. ती धावणार, तोच बाईंनी एक हात वर केला. थांब. दचकवलं तर ते पडतील, हे दोघींनाही माहीत होतं. मुलगी दारातच खिळली.

मिस्त्रींचं कुणाकडेच लक्ष नव्हतं. ते खाली बघत होते, पहिल्या पांढऱ्या पट्ट्याकडे. बाईंना त्यांच्या गुडघ्याची थरथर दिसत होती. आता अडकणार, बाईंच्या मनात आलं, आता पुढे झुकणार.

उजवा पाय उचलला गेला. चांगला वीतभर उंच उचलला गेला, आणि पट्ट्याच्या पलीकडे टेकला. मग डावा, दुसऱ्या पट्ट्यापलीकडे. मग पुन्हा उजवा. न अडता, न घसटता. गेल्या आठ महिन्यांत घरात कुणी त्यांना असं पाऊल टाकताना बघितलं नव्हतं. चौथा पट्टा. पाचवा.

आणि गालिचा संपला.

पुढे चार फूट नुसती राखाडी फरशी आणि मग खिडकीची चौकट. मिस्त्रींचा पाय तिथे चिकटला. टाचा वर आल्या, अंग पुढे झुकायला लागलं, दोन्ही हात हवेत काहीतरी शोधायला लागले.

"बाबा!" मुलीच्या तोंडून निघालंच.

बाईंनी बादली खाली टाकली. त्या तीन ढांगांत पोचल्या, एका हातानं त्यांचा दंड पकडला. पण ओढलं तर दोघंही आपटणार. काय सुचलं ते त्यांनाही नंतर सांगता आलं नाही. त्यांनी आपलं पाऊल त्यांच्या पावलासमोर आडवं ठेवलं.

"माझ्या पायावरून ओलांडा," त्या म्हणाल्या.

मिस्त्रींनी खाली बघितलं. एक क्षण काहीच झालं नाही. मग त्यांनी पाय उचलला आणि बायकोचं पाऊल ओलांडलं.

"आता हे." बाईंनी दुसरं पाऊल आडवं टाकलं. त्यांनी तेही ओलांडलं. चार वेळा. मग मिस्त्रींच्या हाताला चौकट लागली, आणि ते धापा टाकत खिडकीला टेकून उभे राहिले.

मुलीनं आधी खुर्ची ओढत आणली, वडिलांना बसवलं, नाडी बघितली. मग तोंडाचा पट्टा सुरू झाला. "काय सांगितलं होतं मी? जमिनीवर काही नको म्हणून! आई, तुला खोलीची शोभा पडली आहे आणि इथे..."

"मी उठलो," मिस्त्री म्हणाले.

"कशाला उठलात पण?"

"गालिचा गुंडाळायला, खिडकीकडच्या टोकापासून. तू येऊन हिला बोलली असतीस."

बाईंनी तोंड फिरवलं आणि त्या सांडलेले कपडे गोळा करायला लागल्या.

थोड्या वेळानं मुलगीच म्हणाली, "बाबा, पुन्हा एकदा चालाल? मी धरते." ती एका बाजूला, बाई दुसऱ्या बाजूला. गालिच्यावर ते पुन्हा चालले. फरशीवर पुन्हा अडकले. तिसऱ्यांदाही तसंच. मुलगी दुसऱ्या हातानं मोबाइलवर ते टिपत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं ते आपल्या रुग्णालयातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना दाखवलं. त्यांना त्यात नवल वाटलं नाही. काही जणांना समोर आडवी रेघ दिसली की पाऊल उचलतं, त्या म्हणाल्या, सगळ्यांचं नाही उचलत, आणि कायम उचलेल असंही नाही. पण गालिच्याची कड सैल राहिली तर ती पाडणार म्हणजे पाडणार. घट्ट चिकटवा, नाहीतर काढा.

"चिकटवला तर डाग राहतील," बाई नवऱ्याला म्हणाल्या. "कायमचे. मी काढून टाकते, आपण फरशीवर नुसत्या पांढऱ्या पट्ट्या लावू."

मिस्त्रींनी फरशीकडे बघितलं. ही फरशी बघायला एकेकाळी दुसरे मिस्त्री यायचे, वाकून गाल टेकवून सपाटी बघायचे. "चिकटव," ते म्हणाले. "आणि पट्ट्या मी सांगतो तशा."

पुढच्या रविवारी मुलगी गुडघ्यांवर बसून रुंद पांढरी चिकटपट्टी लावत होती. बाईंनी नवऱ्याच्या दोन पावलांमधल्या अंतराचं माप घेतलं, तेरा इंच. खुर्चीतून मिस्त्रींचं चाललंच होतं. "तिरपी गेली. काढ." मुलगी काढायची. "डावीकडे सूतभर. काढ." तिसऱ्यांदा काढल्यावर ती वैतागली. "बाबा, पट्टी आहे ही, लादी नाही!"

"कामात काय फरक आहे?" मिस्त्री म्हणाले, आणि बऱ्याच महिन्यांनी बाईंना त्यांचं हसू दिसलं.

त्या रेघांवरून मिस्त्री पावणेदोन वर्षं चालले. खुर्चीतून खिडकीशी, खिडकीतून न्हाणीघराशी. दोनदा पडले, एकदा कपाळाला टाके पडले. तेव्हा मुलगी बॅग घेऊन आली होती. दारात उभी राहून तिनं आईकडे बघितलं, वडिलांकडे बघितलं, आणि बॅग न उघडता परत नेली. बाई मात्र पावणेदोन वर्षं एकही रात्र सलग झोपल्या नाहीत. कान सतत त्या खोलीत.

पहिल्याच वर्षी एकदा मिस्त्रींचा जुना जोडीदार भेटायला आला, फरशीला पॉलिश करणारा. आत पाऊल टाकलं आणि तो कपाळाला हात लावून उभाच राहिला. निळा गालिचा गोंदानं जखडलेला, त्याच्या पुढे-मागे पांढऱ्या पट्ट्याच पट्ट्या.

"अरे देवा," तो म्हणाला. "कुणी वाटोळं केलं या फरशीचं?"

मिस्त्री खुर्चीतून उठले. रेघा ओलांडत, एकेक करत, ते त्याच्यापर्यंत चालत गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मी," ते म्हणाले. "बस."