इनास मास्तरांची फॉरेनची करवत

हसायचं असेल तर आधी चहा खाली ठेवा बघू. मागे हाच किस्सा ऐकताना एकाने शर्टावर चहा सांडला आणि दोष माझ्यावर आला. डागांच्या बाबतीत माझं नाव आधीच बदनाम आहे. का, ते सांगतोच.

गोष्ट ऐंशी-ब्याऐंशीची. मी केळीच्या वाड्यांच्या सांडोर गावात राहायचो, शाळेत विज्ञान शिकवायचो आणि सहीपुढेही न चुकता बी.एस्सी. लिहायचो. धाकट्या बहिणीचं, रोजीचं लग्न रविवारवर आलेलं. शुक्रवारी मांडव घालायचा आणि अंगणात वादळाने पाडलेली चिंच आडवी! बुंधा असा की पलीकडे बसलेला माणूस दिसायचा नाही. तो हलल्याशिवाय मांडव कुठे घालणार? माझ्या डोक्यावर?

खाडीकडचे धर्माकाका आयुष्यभर दोन माणसांची मोठी करवत ओढत आलेले. ते आपण होऊन बुंधा बघायला आले. मी त्यांना फाटकातूनच परत पाठवलं.

"काका, करवत आता माळ्यावर टाका. यंत्रयुग आलंय!"

"बरं मास्तर. लागलं तर बोलवा."

"लागणार नाही!"

एवढा माज कशाचा? अहो, वालीवच्या एका कारखान्याच्या शेडमागे भंगारात मला पेट्रोलवर चालणारी करवत सापडली होती. फॉरेनची! राजेळी केळ्यांचे दोन लोंगर, म्हणजे अख्खे घड, देऊन मी ती घरी आणली. गंजलेली होती, पण फॉरेनचा गंजसुद्धा मला आपल्या गंजापेक्षा उजवा वाटला.

आठ दिवस मी तिच्या सेवेत. लग्नाच्या जेवणासाठी घासून ठेवलेल्या टोपात तिला रॉकेलची आंघोळ घातली.

"इनास! त्या टोपात मटण शिजायचंय!" आई ओरडली.

"आई, विज्ञानाला थोडा त्याग करावा लागतो."

"मग तू कर. त्या दिवशी उपाशी राहा."

स्कूटरवाल्या मित्राकडून प्लग आणला. आईच्या सुईने कार्बोरेटर साफ केला. चेनच्या एकेका दाताला कानशीने धार लावली. शेवटी चेन चढवली. त्यात काय एवढं? सायकलची चेन आयुष्यभर चढवत आलो होतो, डोळे मिटूनही चढली असती. मग यंत्राला लाल रंग मारला आणि वर पांढऱ्या ऑइलपेंटने सुबक अक्षरात लिहिलं : 'दुरुस्ती - इनास मास्तर, बी.एस्सी.'

"दादा, हे कशाला?" रोजीने विचारलं.

"पुढच्या पिढीला कळायला नको?"

आता आमच्याकडे पंप येवो नाहीतर रेडिओ, फादरांच्या आशीर्वादाशिवाय त्याचं बटण कोणी दाबत नाही. बुधवारी मिस्सा आटोपून फादर आले. पांढराशुभ्र झगा! मागे अख्खी आळी. मी यंत्रयुगावर छोटंसं भाषण केलं, म्हणजे पाऊण तास. फादरांनी पवित्र पाणी शिंपडलं. मी दोरी ओढली. एकदा, दोनदा, सातव्यांदा... घर्रर्र! कोंबड्या शेजारच्या वाडीत पळाल्या. टाळ्या! मी चिंचेला करवत लावली.

धूर निघाला. मग आणखी धूर निघाला. दहा मिनिटांनी बघतो तर खोडावर एक काळी रेघ. बस!

पण यंत्र चुकलं असं म्हणायची कोणाची छाती? फॉरेनचं ना ते!

"मशीन बरोबर आहे, आपली चिंचच गावठी," शेजारचे पास्कूमामा म्हणाले.

"थंड देशातलं मशीन ते, त्याला उकडत असेल," त्यांची बायको म्हणाली आणि चक्क सुपाने वारा घालायला लागली.

मीही चिंचेच्या लाकडाच्या कठीणपणावर बोलायला उभा राहिलो. फादर घाबरून म्हणाले, "इनास, मग आधी काहीतरी मऊ कापून बघ."

सांडोरात मऊ म्हणजे काय? केळ! मांडवासाठी आणलेले केळीचे खांब बाजूलाच होते. मानाचा पाहुणा म्हणून फादरांना मी अगदी समोर उभं केलं आणि करवत लावली.

कापलं नाही हो. घुसळलं! केळीच्या पाण्याचं कारंजंच उडालं. आणि केळीचा डाग म्हणजे काय ते आम्हाला कोणी सांगायला नको. कापड फाटतं, डाग जात नाही. फादर गळ्यापासून पायापर्यंत भिजले.

"बंद कर," फादर एवढंच म्हणाले.

तेवढ्यात गर्दीतून धर्माकाका पुढे आले. आईने त्यांना सकाळीच निरोप धाडला होता. सकाळी! म्हणजे मी दोरी ओढायच्याही आधी! मुलावर केवढा हा विश्वास!

काकांनी चेनवरून अंगठा फिरवला.

"मास्तर, चेन उलटी हाय. दातांची धार मागल्या अंगाला. कापनार कशी? निस्ती दातांची पाठ घासतीय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेव्हाच कबूल करून टाकायला हवं होतं. पण बी.एस्सी. आड आलं!

"बघा!" मी गरजलो. "म्हणूनच भंगारात गेली ही! आधीच्या कुणा गाढवाने चेन उलटी बसवली आणि निस्तरायचं आपण! कोण होता कोण जाणे!"

काका यंत्रावर वाकले.

"मला वाचता येत नाय. पन हितं कायतरी लिवलंय, त्याचंच नाव असंल. रोजीबाय, वाच गो."

रोजीने वाचलं. मोठ्याने, सावकाश, बी.एस्सी.सकट.

चेन सुलटी करायला मी धावलो, पण तोवर आईने यंत्र माळ्यावर टाकून शिडी काढून घेतली होती. शुक्रवारी मांडव वेळेवर उभा राहिला, कारण दोन दिवसांत चिंच कापून झाली. दोन माणसांच्या करवतीने! एका टोकाला धर्माकाका. दुसऱ्या टोकाला कोण, हे विचारताय? आळीच्या टोकापर्यंत काकांचा आवाज येत होता :

"मास्तर, वढा! निस्तं लोंबकलू नका!"