स्वातंत्र्यदेवीची ओटी

न्यूयॉर्कचा किनारा दिसू लागला तशी बोटीवरची सगळी माणसे डाव्या कठड्याकडे लोटली. धुक्यातून आधी मशाल वर आली, मग हात, मग मुकुट. माझ्या शेजारचा एक पोलिश सुतार टोपी काढून ढसाढसा रडत होता. मलाही भरून आले होते, पण खरे सांगायचे तर माझा अर्धा जीव ट्रंकेतल्या नारळात अडकला होता.

तो नारळ आक्काचा. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आदल्या वर्षी सोलापुरात झेंड्यापायी धरपकड झाली, तीत आमचे दाजी सापडले आणि थेट येरवड्याला गेले. त्यांच्याबरोबर शेजारच्या नरसव्वाचा नवराही गेला. तो विणकर, तेव्हापासून त्याच्या घरचा माग बंद होता. पुढे आमच्या गिरणीने मला नवे माग पाहायला अमेरिकेला धाडायचे ठरवले आणि मी आक्काचा निरोप घ्यायला गेलो. तिला कुणीतरी सांगितले होते की तिकडे समुद्रात स्वातंत्र्यदेवी उभी आहे. देवी म्हटल्यावर आक्काला पुढचे काही विचारायचे नव्हते. तिने नारळ, तांदूळ आणि हळदकुंकू फडक्यात बांधून तयारच ठेवले होते. नरसव्वाने नवऱ्याने विणलेला शेवटचा हिरवा खण आणून त्यात घातला.

अगं, तो नुसता तांब्याचा पुतळा आहे, तिथे गुरव नाही की गाभारा नाही, असे मी परोपरीने सांगून पाहिले.

"तांब्याची असली म्हणून काय झालं?" आक्का म्हणाली. "तुजे दाजी सुटू देत म्हणून बोलून बसलेय मी तिला. पर तू भरू नकोस हां, पुरुषाचं काम न्हाय त्ये. तितल्या एखाद्या सवाशिणीच्या हातानं भर. अन् परसाद आण."

हे ओझे घेऊन मी न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरलो. त्या दिवसांत अमेरिकेत दारूबंदी होती आणि ती चुकवायला लोक नाना युक्त्या करीत. जकातीच्या साहेबाने ट्रंक उघडून नारळ कानाशी हलवला, तर आत खळखळ. मी अदबीने सांगितले की हे पाणी आहे आणि नारळ एका देवीसाठी आणला आहे. कुठल्या देवीसाठी, असे त्याने विचारले, तेव्हा मी खिडकीतून समुद्राकडे बोट दाखवले. त्यासरशी त्याचा संशय पक्का झाला. त्याने हातोडीने नारळ फोडला, पाणी चाखून तोंड वाकडे केले आणि दोन्ही भकले माझ्या हातात ठेवली. इतक्या लांबून जपून आणलेला नारळ वाढवला गेला तो जकातीच्या टेबलावर. असा संताप आला म्हणता, पण परक्या मुलखात तो गिळून टाकावा लागला.

शहर मात्र असे की राग टिकूच देत नाही. मान मोडेपर्यंत वर पाहिले तरी घरांचा शेवट दिसत नाही. त्यांच्या पहिल्या अध्यक्षाने जिथे शपथ घेतली त्या जागेच्या पायऱ्यांवर मी खुशाल बसून प्रेत्झेल (मीठ लावून भाजलेले पिठाचे वेढे) खाल्ले. ब्रुकलिनच्या पुलावरून पायी गेलो. त्याच्या तारा पाहून मला मागावर चढवलेला ताणा आठवला आणि एवढ्या ताण्यावर कापड केवढे निघेल याचा हिशेब करीत मी एका सायकलवाल्याच्या शिव्या खाल्ल्या. सगळ्यांत नवल वाटले ते झेंड्यांचे. बँकेवर झेंडा, शाळेवर झेंडा, एका हजामाच्या दारावरसुद्धा झेंडा. आमच्याकडे ज्यापायी माणसे आत गेली तो प्रकार इथे दाढी करता करता दिसतो, आणि कुणी मान वर करूनही पाहत नाही.

माझ्या खोलीजवळच्या गल्लीत एका इटालियन जोडप्याचे फळांचे दुकान होते. तिथल्या टोपलीत चक्क नारळ दिसले. शेंडी नव्हती, पण मला गावचे माणूस भेटल्याचा आनंद झाला. नारळ निवडता निवडता मी दुकानदारीण मारियाबाईंना एकदम विचारले, "आपले यजमान हयात आहेत ना?"

बाईंनी माझ्याकडे वेड्याकडे पाहावे तसे पाहिले. मग मागच्या खोक्यांवर झोपलेल्या गृहस्थाकडे अंगठा केला. "आहे. घोरतोय, ऐक."

मग मला सगळी कथा सांगावी लागली. बाईंनी संत्री पुसायचे थांबवले.

"तुझ्या मेहुण्याने केलं काय?"

"झेंडा लावला."

"एवढंच?"

"एवढंच."

बाईंनी हातातले संत्रे टोपलीत ठेवून दिले. या देशात येताना त्यांनी ती मूर्ती बोटीवरून एकदा पाहिली होती. त्यानंतर दुकान सोडून तिथे जाणे म्हणून झाले नव्हते. शेवटी येत्या रविवारी जाऊ, असे त्यांनी आपणहून सांगितले.

रविवारी बाई कापडी फुलांची टोपी घालून आल्या. फेरीने (माणसे पैलतीरी नेणारी आगबोट) आम्ही बेटावर उतरलो. जवळून ती मूर्ती पाहून माझे पाय जमिनीवर ठरेनात. मी बूट काढून बाजूला ठेवले, तेव्हा एक पहारेकरी टक लावून पाहू लागला. मी सांगत गेलो तसे बाईंनी चौथऱ्याच्या दगडाला हळदकुंकू वाहिले आणि पायाशी खण, तांदूळ, नारळ ठेवले. मी डोळे मिटून हात जोडले.

डोळे उघडले तो पहारेकरी समोर. इथे काही ठेवायचे नाही, सगळे उचला, असे तो म्हणाला. मी पुष्कळ विनवणी केली. माणूस वाईट नव्हता, पण नियमापुढे त्याचे काही चालेना. माझे अवसानच गेले. आता आक्काला काय तोंड दाखवू?

मारियाबाई आपल्या भाषेत काहीबाही पुटपुटत खाली वाकल्या. दोन हातांत ते सगळे मावेना, म्हणून त्यांनी घागऱ्याचा पुढचा घेर एका हाताने उचलून धरला, खण त्यात घातला, नारळ ठेवला, तांदूळ वेचून टाकले आणि तो घेर पोटाशी धरून त्या उभ्या राहिल्या. मी पाहतच राहिलो. आमच्या बायका ओटी घेतात ती अगदी अशीच, आणि बाईंना ते कुणी शिकवले नव्हते.

याचे आता काय करू, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, ते आता तुमचेच. त्यांनी तांदळाची एक चिमूट माझ्या रुमालात टाकली. "बहिणीला दे. तिनं पाठवलेलं थोडं तिच्याकडे परत जाऊ दे."

त्यानंतर आम्ही आतल्या गोल जिन्याने वर चढलो. देवीच्या पोटातून चढतोय हे आक्काला कळते तर तिने माझा कान पिळला असता. मुकुटाच्या खिडकीतून खाली जहाजे, पूल आणि लांबवर पसरलेला समुद्र दिसला, आणि मी आनंदाने मोठ्याने हसलो. बाईही हसल्या. खाली आल्यावर पाहिले तर पहारेकऱ्याने कुंकू पुसले होते, पण दगडाच्या खाचेत लाली उरली होती.

माग पाहून झाले आणि मी परत निघालो. सोलापूर स्टेशनात गाडी शिरली तेव्हा आक्काच्या शेजारी एक हडकलेला माणूस उभा दिसला. दाजी! मी जाताना बोटीवर होतो तेव्हाच ते सुटले होते. तसे कळवणारे पत्र माझ्या मागे फिरत राहिले असावे. आम्ही फलाटावरच एकमेकांना मिठी मारली.

घरी पोचल्यावर मी काही न लपवता सगळे सांगितले. ओटी एका फळवालीकडे गेली, हे सांगताना मात्र जीभ जड झाली.

"तिनं ओटीत घेतली न्हवं?" आक्काने विचारले.

"घेतली."

"मग पोचली."

दाजी हसू लागले. "पर मी तर आदीच सुटलो की. तुजी ओटी वाया गेली."

आक्काने रुमालाची गाठ सोडून तांदूळ तळहातावर घेतले. "वाया कशी जाईल? नरसव्वाचा मालक अजून आतच हाय."

ती तशीच अनवाणी बाहेर गेली. सगळी अमेरिका पाहून आलो, पण ही गोष्ट माझ्या ध्यानातही आली नव्हती. तेवढ्यात शेजारच्या दारातून आक्काचा आवाज ऐकू आला.

"नरसव्वा, पदर पसर. परसाद आलाय."