तुमचा स्पेशल घेतो

फोन आला तेव्हा पलीकडे डीजे वाजत होता. कोणीतरी ओरडून सांगत होतं आणि मला फक्त "भाऊले... भाऊले..." एवढंच ऐकू येत होतं. मग तो माणूस आवाजापासून दूर गेला असावा. वरात नाचत होती, भाऊ तिच्यापुढे उलटे चालत फोटो काढत होते आणि तसेच मागच्या मागे पडले, असं त्याने सांगितलं. ऊन लागलं. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातली मे महिन्याची दुपार, लग्नाची वेळ टळून गेलेली, तरी नवरदेव मांडवात यायला तयार नाही... दवाखान्यात नेईपर्यंत माझे यजमान गेले होते. त्या लोकांनी मग लग्न लावून घेतलं. मी त्यांना दोष देत नाही, उभा मांडव कोण मोडतं? पण तेरवी व्हायच्या आधीच त्यांच्यातला एक जण दारात आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "बाई, दुःख तं आहेच. पण भाऊच्या क्यामेऱ्यातली चिप भेटली असती तं बरं झालं असतं. हळदीचे फोटो आहेत त्याच्यात." माझ्या मुलीने, प्राजूने, आत जाऊन ती आणून दिली. त्याने खिशात ठेवली आणि मग हात जोडले.

प्राजूचं जूनमधलं लग्न यजमानांनीच ठरवलं होतं. पत्रिका छापून झाल्या होत्या, त्यांच्या नावाच्याच वाटल्या. माझे भासरे, यांचे थोरले भाऊ, म्हणाले, आता उरकून टाकू. सगळे सामानाचं बोलत होते, मांडवाचं बोलत होते, आणि माझ्या मनात एकच गोष्ट होती. माझ्या लेकीच्या लग्नात मी कुठे उभी राहणार? मला कोणी विचारलं नाही. पण उत्तर मला माहीत होतं, कारण कुंकू नसलेल्या बाईची लग्नातली जागा या पंचक्रोशीत ज्यांनी नेमून दिली, ते माझ्याच घरात जेवत होते.

यजमान माणूस म्हणून वाईट नव्हते. खेड्यातल्या नवऱ्या मुली मान वर करत नसत, त्यांना ते हसवत. "अवं, हा फोटो तुह्या सासूच्या उशाशी लागणार आहे, जरा डोळे वटारून पाह्य," म्हणत, आणि पोरगी फिसकन हसली की फोटो निघालेला असे. पदर नीट करायला परका पुरुष नको म्हणून मला सोबत नेत. मी पदर लावायची आणि बाजूला व्हायची. घरच्यांचा फोटो घ्यायची वेळ झाली, की ते सगळ्यांना ओळीने उभं करत. त्या ओळीत एखादी विधवा मावशी किंवा आजी आली, की घरातलं कोणीतरी नुसतं डोळ्याने खुणावे. ते पुढे जात, अगदी गोड आवाजात म्हणत, "मावशी, तुमी थांबा. तुमचा स्पेशल घेतो." ती बाई खूश होऊन जाई. सगळ्यांचा घोळक्यात आणि आपला एकटीचा! ते तिला साध्या भिंतीजवळ उभी करत, पदर डोक्यावरून घ्यायला लावत आणि खरंच छान फोटो काढत. साधी भिंत काऊन, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "पुढं मोठा कराले बरा पडते." पुढं म्हणजे केव्हा, ते मला आमच्या फोटोच्या दुकानात बसायला लागल्यावर कळलं. मुलं यायची आणि म्हणायची, "भाऊ, बहिणीच्या लग्नातला आईचा तो स्पेशल आहे ना, तो मोठा करून द्या. हार घालाचा आहे." लग्नाच्या अल्बममध्ये तो फोटो कधीच नसे.

माझी मोठी बहीण, तिला मी बाई म्हणते. तिचा नवरा फार लवकर गेला. धानाची रोवणी करून तिने एकटीने पोरगी वाढवली. त्या पोरीच्या लग्नात फोटो काढायला हेच होते. बाई नवी साडी नेसून लेकीच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि यांनी तिला हाक मारली, "बाई, इकडं या. तुमचा स्पेशल घेतो." ती आली. मी पदर सारखा करायला गेले तर ती मान वळवून लेकीकडेच पाहत होती. परत येताना गाडीवर मी मागून म्हटलं, "तिच्या पोरीचं लगन होतं ना ते?"

"मले काय कळत नाई? व्याह्यानं खुणावलं. दुसरा असता तं हात धरून काढलं असतं तिले चारचौघात. मी इज्जतीनं काढलो ना?"

त्यांना खरंच तसं वाटत होतं. फोटो त्यांनी स्वतः चौकट करून तिच्या घरी नेऊन दिला. बाईने तो हातात धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "चांगला आहे, भाऊजी. पण याच्यात माही पोरगी कुठी आहे?" ते हसले. चहा घेऊन आम्ही निघालो.

एकदा ते आलापल्लीच्या पुढे एका गोंड पाड्यावर लग्नाला गेले होते. तिथे नवरदेवाची म्हातारी आजी, नवरा कधीचाच गेलेला, सगळ्यांच्या मधोमध बसली होती. सवयीने यांनी तिलाही म्हटलं, आजी, तुमचा स्पेशल घेतो. नातवाने गोंडीत समजावून सांगितलं. म्हातारी भडकली. तिने काय म्हटलं ते नातवाने हसत हसत सांगितलं, "ते म्हनते, एकटीचा काऊन? मी काय चोर आहो? एकट्याचा फोटो पोलीस काढतेत!" आणि तिने नवरीला एका हाताने आणि नातवाला दुसऱ्या हाताने ओढून घेतलं. ही गोष्ट ते कितीतरी दिवस सांगत आणि पोट धरून हसत. मी वाट पाहत होते, की हसून झाल्यावर काही मनात येईल... पुढच्याच लग्नात त्यांनी एका बाईला भिंतीजवळ नेलं.

प्राजूचं लग्न झालं. कन्यादानाला भासरे आणि जाऊबाई बसल्या. मी स्वयंपाकाच्या बाजूला होते, बाई माझ्याजवळ होती. फोटोला ब्रह्मपुरीचा एक जण आला होता, यांच्या ओळखीचा. लग्न लागल्यावर तो मला शोधत आला आणि फार आदराने म्हणाला, "काकू, या ना भिंतीजवळ. तुमचा स्पेशल घेतो."

बाई म्हणाली, "जा. आता तुही पाळी."

मी म्हटलं, "नको. मले माह्या पोरीजवळ काढा." मी मोठ्याने बोलत नाही, म्हणून त्याला ते पुन्हा सांगावं लागलं. मग मी स्टेजच्या पायऱ्या चढले. विहीणबाई म्हणाल्या, "राहू द्या ना, घरी काढू निवांत." भासरे खालून म्हणाले, "अवं, शुभ टाइम आहे, समजत नाई का तुले?" प्राजू नवऱ्याकडे सरकली आणि तिने जागा केली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. फोटोग्राफरने आधी भासऱ्यांकडे पाहिलं, मग विहीणबाईंकडे, आणि मग फोटो काढला.

गेल्या आठवड्यात अल्बम आला. तो फोटो त्यात आहे. प्राजू आहे, जावई आहे, मागे फुलांची कमान आहे. मला कापून टाकलंय. कोणी सांगितलं ते मी विचारलं नाही. फक्त बोटं कापता आली नाहीत, कारण त्यांच्यासोबत नवरीचा खांदा गेला असता. तिच्या लाल शालूवर माझी चार बोटं राहिली आहेत.

मी तो फोटो चौकट करून आणला. दुकानात काउंटरच्या मागे यांचा हार घातलेला फोटो आहे. त्याच्या बरोबर समोरच्या भिंतीवर, त्यांना दिसेल असा, खिळा ठोकून लावला. दुकान आता चालत नाही, पण सकाळी शटर उघडून मी झाडून घेते. कोणताही नवा फोटो हातात दिला, की ते मला विचारायचे, "कसा आला, सांग ना. तू काईच बोलत नाईस." मी खरंच काही बोलत नव्हते. आजही मी केर काढते, दोन्ही काचा पुसते आणि त्यांच्याकडे पाहत उभी राहते... सांगा ना, कसा आला?