ट्रॉलीच्या फळ्या

फौजेतली सोळा वर्षं मी खेचरांच्या तुकडीत काढली. निवृत्त होऊन विट्याजवळच्या आमच्या गावी आलो तेव्हा जनावरांमधलं मला सगळं कळतं असा गावाचा समज झाला. माझाही होताच.

शर्यतीसाठी मी एक घोडी घेतली होती. माझ्या पिकअपमध्ये ती मावत नसे, म्हणून तिला न्यायला-आणायला दर वेळी टेम्पो शोधावा लागे. मेढ्याच्या एका बाईंकडे घोड्यांची जुनी ट्रॉली विकायची आहे असं कळलं, म्हणून बायकोला घेऊन पिकअपने गेलो. बाईंचा नवरा पाचगणीला पर्यटकांसाठी घोडे चालवायचा. तो वारल्यावर बाईंनी घोडे विकले, ट्रॉली तेवढी राहिली होती. तिची पुढची दांडी बगळ्याच्या मानेसारखी उंच जाऊन वाकलेली, टोक पिकअपच्या हौद्यातच अडकवायचं. मला बघताक्षणी आवडली.

"बोलायला घरात कुणी बाप्या माणूस न्हाई का?" मी विचारलं.

"मीच हाय. बोला," बाई म्हणाल्या.

व्यवहार ठरल्यावर त्यांनी ट्रॉलीत चढून रबराची चटई उचलून दाखवली. "आवं, ह्या मागच्या दोन फळ्या मुतानं कुजल्यात. वरनं कळत न्हाई. जनावर चढवायच्या आधी बदलून घ्या. म्हणूनच किंमत कमी सांगितली."

"सोळा वर्षं खेचरं सांभाळलीत मी. मला शिकवू नका."

परत येताना बायको म्हणाली, सुताराला उद्याच बोलावू. मी म्हणालो, बघू.

दोन आठवड्यांनी खटावच्या बाजूला शर्यत होती. फळ्या तशाच होत्या. मायणीच्या पुढे एका गतिरोधकावर ट्रॉली आदळली आणि मागून लाकूड मोडल्याचा आवाज आला. धावत जाऊन बघितलं तर घोडीचा मागचा पाय फळीतून खाली गेलेला. ती धडपडत नव्हती, नुसती थरथरत होती. रस्त्याकडेच्या शेतातल्या दोघांना बोलावून पाय सोडवायला तासभर लागला.

गावात आलो तर माणसं जमली. काय झालं फौजी, म्हणून विचारू लागली. आणि माझ्या तोंडून निघालं, "मेढ्याच्या बाईनं फसवलं. कुजकी ट्रॉली गळ्यात मारली."

बायको गरम पाण्याची बादली घेऊन मागेच उभी होती. तिने बादली खाली ठेवली आणि ती आत गेली.

आठ-दहा दिवसांनी त्या बाई एसटीने आमच्या दारात आल्या. घोडी जायबंदी झाल्याचं त्यांना बाजारात कुणीतरी सांगितलं होतं. नवरा घोड्यांना लावायचा ते तेल बाटलीत घेऊन आल्या होत्या. गोठ्यात बसून त्या पायाला तेल चोळत होत्या, तेवढ्यात शेजारचे म्हातारे आले.

"बाई, फळ्या कुजल्यात एवढं सांगायचं तरी हुतं. मुकं जनावर हाय."

बाईंचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलू शकत होतो. पण मी मान खाली घालून पट्टी गुंडाळत राहिलो.

"दिवसातनं दोनदा शेका," एवढंच त्या म्हणाल्या. मग संध्याकाळची एसटी किती वाजता आहे ते माझ्या बायकोला विचारलं. बायकोच त्यांना स्टँडवर सोडून आली.

महिन्याने मी मेढ्याला गेलो. बाई अंगणात पावटा सोलत होत्या. मी म्हणालो, "माझं चुकलं. तुम्ही सांगितलं होतं."

"मी काय सांगितलं ते मला ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "मला कशाला सांगताय? तुमच्या गावात सांगा." तरी त्यांनी चहा केला. घोडी आता पाय टेकते का, तेही विचारलं.

दुसऱ्या दिवशी पारावर चार माणसं बसलेली होती. मी म्हणालो, बाईंची चूक नव्हती, त्यांनी मला फळ्या दाखवल्या होत्या. शेजारचे म्हातारे हसले. "फौजी, लय मोठं मन हाय गड्या तुजं. इधवा बाई म्हणून पांघरूण घालतोस व्हय?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी एकदा नाही म्हणालो. मग विषय उसाच्या तोडीकडे वळला आणि मीही त्या बोलण्यात सामील झालो.