बाहेरून कडी नसलेली खोली

तिसगाव सोडलं त्या दिवशी आईनं मला आधी तोंड धुवायला लावलं. आठवडे बाजार होता, थोरला भाऊ आणि वहिनी बाजारात गेले होते. माझ्या पायातल्या साखळीचं कुलूप आईनं गोठ्यातल्या दगडानं फोडलं. घाई तिलाच होती, तरी म्हणाली, "नीट धू. नायतर कंडक्टर गाडीत घेनार न्हाई." पदरानं माझं कपाळ पुसलं आणि शेवटचं सांगितलं, "संगमनेरला मावशीकडं जा. कुनी ईचारलं तर म्हन, काविळीतून उठले."

दुपारच्या एसटीत शेजारच्या बाईनं विचारलंच. मी म्हणाले, कावीळ. ती बिचारी वाटभर मला पथ्यं सांगत होती.

कावीळ नव्हती, हे तुम्हा तिसगावकरांना माहीत आहे. माझं बाळ सहा दिवसांचं असताना वारलं आणि माझी झोप गेली. मी बोलत सुटले, रस्त्यानं चालत सुटले. सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं. दादानं दोन देवऋषी केले, गुण आला नाही, म्हणून गाईची साखळी आणली. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत मी गोठ्यात होते. शांतावहिनी जेवण आणायची ती दारातच थांबायची. ताट खाली ठेवायची आणि खराट्यानं माझ्याकडे ढकलायची, कुत्र्याला ढकलतात तसं. तिसगावात राहिलेल्यांनो, तुमच्यातले कितीतरी जण सकाळी दूध न्यायला त्या गोठ्यात येत होते. चरवी भरून झाली की जात होते. मी तोंडं विसरलेली नाही. आज तुमच्यापैकी कुणी शिर्डीत हॉटेलात जेवलं, तर ताटातली भाजी माझ्या टेम्पोतून आलेली असण्याची बरीच शक्यता आहे. खा. पोटभर खा.

संगमनेरात मावशीनं मला दवाखान्यात नेलं. डोक्याचे डॉक्टर दर मंगळवारी बाहेरगावाहून यायचे. त्यांच्या गोळ्यांनी मला झोप लागली, हे मी कुणासमोरही सांगेन. पण डॉक्टरांपुढे पाच मिनिटं बसायला मिळायचं आणि बाहेरच्या बाकावर तीन तास. त्या बाकावर गायकवाड मास्तर भेटले. शाळामास्तर, बुद्धविहारात मुलांना फुकट शिकवणारे, आणि आयुष्यातलं एक वर्ष वेड्यांच्या इस्पितळात काढलेले. शिवणकाम करणारी हलीमाबी भेटली. पहिल्या दिवशी मी सांगितलं, कावीळ. हलीमाबी म्हणाली, टायफॉइड. मास्तर बराच वेळ हसले आणि म्हणाले, "माझ्या घरचे अजून सांगतात, मास्तर ट्रेनिंगला गेले होते."

त्या हसण्यानं मला जे बरं वाटलं, ते औषधानं वाटलं नव्हतं. पुढे बाकावर पाचसहा जण जमायला लागलो. कुणाचं बिघडतंय हे आम्हाला घरच्यांच्या आधी कळायचं, कारण आम्ही तिथून जाऊन आलो होतो. तेव्हा मास्तरांनी विषय काढला की एक खोली पाहिजे. इस्पितळात जाण्याइतकं बिघडलेलं नाही, पण घरात श्वास घेता येत नाही, अशा माणसाला आठपंधरा दिवस पाठ टेकायला. गोळ्या ज्याच्या त्याच्या डॉक्टरच्या. सोबत आमची, पाळीपाळीनं.

मी तोवर टोमॅटोचे क्रेट उचलता उचलता स्वतःचा व्यापार उभा केला होता. भाव करणं हे माझ्या हाडात आहे आणि राग नाकावर. म्हणून जागा मिळवायचं काम माझ्याकडे आलं. बंद पडलेल्या तेलघाण्यामागे एक गोडाऊन होतं. मालक म्हणाला, "येड्यांना जागा दिली तर लोक काय म्हनतील?" मी म्हणाले, "शेठ, सध्या आत घुशी राहतात. त्यांच्याबद्दल लोक काय म्हणतात?" चौथ्या चकरेला त्यानं किल्ली दिली.

किल्ली घेतली आणि पहिलं काम मी हे केलं: पेचकस घेऊन दाराची बाहेरची कडी उपटून काढली. चार भोकं तशीच राहिली. आतली कडी ठेवली. आत जो राहील त्याच्या हातात दार, एवढा एकच नियम मी घातला. बाकीचे मास्तरांनी घातले. आत आलेल्यानं कावीळ, टायफॉइड, ट्रेनिंग दाराबाहेर ठेवायचं. आणि ज्यानं त्यानं स्वतःचं सांगायचं, दुसऱ्याचं गाऱ्हाणं नाही. तो शेवटचा नियम मला कायम टोचत आला. माझ्याकडे दुसऱ्याचंच होतं.

त्याच सुमारास मार्केट यार्डात तिसगावकडचा एक टेम्पोवाला सहज बोलून गेला, "तुमच्या आई गेल्या, लई वाईट झालं." जाऊन दीड महिना झाला होता. गल्लीच्या तोंडाशी एसटीडी बूथ होता, मावशीच्या घराचा पत्ता दादाकडे होता. पोस्टकार्डसुद्धा टाकलं नाही. भावकीत त्यानं सांगितलं होतं, येडीला सोसायचं न्हाई. ज्या बाईनं दगडानं माझं कुलूप फोडलं, तिच्या दहाव्याला मी टोमॅटोची घासाघीस करत होते. त्या दिवशी मी ठरवलं, हे त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं. चार लोकांत. तोवर त्याचं तोंड बघायचं नाही.

दोन वर्षांनी तो आपण होऊन खोलीच्या दारात आला. सकाळची वेळ, डोक्याला टोपी, मागे शांतावहिनी. वहिनी हाडांचा सापळा झाली होती. नजर जमिनीवर. दादानं मला बघितलं, आणि काय म्हणाला असेल?

"हिला कावीळ झालीया."

मी दारात आडवी उभी राहिले. म्हणाले, "आधी आईचं बोल. मग आत घेते."

मागून मास्तरांचा आवाज आला. "सुमनताई, दारात भाव करायचा नाही." त्यांनी मला बाजूला केलं आणि वहिनीलाच विचारलं, "किती दिवस झोप नाही?" तिनं बोटं दाखवायला हात वर केला, पण तिला मोजता येईना. तिला घेऊन ते आत गेले. दादा त्याच पावली परत गेला, पुढच्या सोमवारी न्यायला येतो म्हणून. मला राग आला तो मास्तरांचाही. हातातला सौदा फुकट गेला असं वाटलं.

मंगळवारी वहिनीला डॉक्टरांना दाखवलं. बुधवारी दुपारची पाळी माझी होती. आता मी जे केलं ते लिहिते, कारण तुमचं लिहिलं तर माझंही लिहायला पाहिजे. मी ताट वाढलं, दाराशी ठेवलं, कोपऱ्यातला खराटा घेतला आणि ताट तिच्याकडे ढकललं.

वहिनीनं खराट्याकडे बघितलं. मग ताट ओढून घेतलं आणि खाली मान घालून जेवली. सगळं जेवली. मला वाटलं होतं छातीत गार वाटेल. थोडं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण हलीमाबीनं खिडकीतून बघितलं होतं. ती आत आली, माझ्या हातातून खराटा काढून घेतला आणि म्हणाली, "आज तेरी पाळी खतम. घरी जा, सुमन." दोन दिवस मला कुणी पाळी दिली नाही. मी मास्तरांशी भांडले, आरडाओरडा केला. ते म्हणाले, "गोठा तिसगावात राहू द्या. इथं आणू नका." मी चिडूनच घरी गेले.

शनिवारी मी न बोलावता गेले. वहिनीला झोप लागायला लागली होती. ती भिंतीला टेकून बसली होती. आपणच बोलली.

"वन्सं, तवा तुमच्याजवळ यायचं भ्या वाटायचं. म्हनून खराटा."

मी तिच्यासमोर खाली बसले.

"आवंदा माजी झोप गेली तवा त्यांनी तीच साखळी काढली. तेलपानी करून खुंटीला लावली. मी बघितली. मंग मी म्हनले, मला सुमनकडं न्या, न्हाईतर हिरीत उडी टाकते. तुमी कुठं हाय ते ठावं हुतं त्यांना. पयल्यापासनं ठावं हुतं."

मी तिला माफ केलं असं नाही. पण त्या दुपारी चहा मी केला, आणि कप तिच्या हातात दिला.

सोमवारी सकाळच्या एसटीनं दादा आला. मी आणि हलीमाबी ओट्यावर भाजी निवडत होतो. वहिनीनं त्याला खिडकीतून बघितलं, उठली, आणि आतून कडी लावली.

दादानं सवयीनं बाहेरच्या कडीकडे हात नेला. तिथं चार भोकं. "शांते," म्हणाला. मग मला म्हणाला, "सुमे, उघडायला सांग तिला."

"दार तिच्या हातात आहे," मी म्हणाले. "आमच्याकडे पद्धतच तशी आहे."

तो पायरीवर बसला. ऊन चढलं. मी त्याच्यासमोर चहा प्यायले, सावकाश, बशीत ओतून. शेजारच्या गिरणीतला रंगनाथ पिठानं पांढरा होऊन बाहेर आला. "पावणं, कुनाची वाट बघताय?"

"बायकोची. कावीळ झालती तिला."

रंगनाथ मोठ्यानं हसला. "काविळीचे हितं येत न्हाईत, पावणं. हितं डोस्क्याला ताप झालेले येत्यात. त्यात लाजायचं काय? माजा मेव्हणा राहून गेला." दळण घेऊन आलेल्या बायका थांबल्या. चार लोकांत म्हणाले होते मी. आठदहा जमले. एकालाही मी बोलावलं नव्हतं.

उन्हं कलली तेव्हा दादा टोपी हातात घेऊन दाराकडे तोंड करून पुटपुटला, "आय गेली तवा कळवलं न्हाई. चुकलं."

मी पहिला भाव कधी घेत नाही. म्हणाले, "ऐकू आलं नाही. आणि साखळीचंही राहिलं."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता उठून मारतो. पण उठला नाही. दुसऱ्यांदा बोलला. साखळीसकट, मोठ्यानं, दळणाच्या बायकांसमोर. एक बाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "आगं बया, सख्ख्या बहिनीला?" आईला हे ऐकायला मिळालं नाही, एवढीच खोट राहिली.

दार तरीही उघडलं नाही. आतून वहिनी म्हणाली, "पुढच्या बाजाराला या. तवर ती साखळी लोहाराला दिऊन या." तो संध्याकाळच्या गाडीनं एकटाच परत गेला.

आठवड्यानं ती गेली, आपल्या पायानं. जाताना मी तिला काय द्यावं म्हणून शोधलं आणि तो पेचकस दिला. पुढे टेम्पोवाल्यानं सांगितलं, तिसगावच्या घराच्या मधल्या खोलीला आता बाहेरून कडी नाही. ती वर्षातून एकदोनदा चार दिवस येते, नवऱ्याला सांगून, कावीळ न सांगता.

मी तिसगावला गेले नाही, जाणार नाही. माफीही दिली नाही; दादानं मागितली, मी ऐकली, व्यवहार तिथं थांबला. जे माझ्यासारखे निघून आले त्यांना विचारते, तुम्ही घर कशाला म्हणता? माझं आता संगमनेरात तीन खोल्यांचं आहे, स्वतःच्या कष्टाचं. सकाळी मार्केटला निघताना बाहेरून कुलूप लावावंच लागतं. पण लावायच्या आधी मी तिन्ही खोल्यांतून फिरून येते. घरात मी एकटीच राहते, हे मला माहीत असतं. तरी आत कुणी राहिलेलं नाही ना, हे दोनदा बघते.