छातीतलं पाणी

माझ्या छातीत पाणी झालं आणि ते तपासायला नेमकी माझीच सून उभी राहिली.

आम्ही बदलापूरकडचे शेतकरी. मी अंबरनाथच्या केमिकल कंपनीत जन्म काढला, पण घरातल्या रीतीभाती गावच्याच राहिल्या. सासऱ्याने सुनेसमोर उघड्या अंगाने बसायचं नाही म्हणजे नाही. ऐन उन्हाळ्यात लाइट गेली तरी मी सदरा काढत नसे. सून उल्हासनगरची, सिंधी घरातली, छातीची डॉक्टर. तिथल्याच कॅम्प पाचमधल्या एका लहान हॉस्पिटलात काम करते.

महिनाभर उजवी कूस जड होती. आडवं झालं की धाप लागायची, म्हणून खुर्चीतच झोपायचो. एक्स-रेमध्ये उजवीकडे खाली पांढरंफटक दिसलं.

"पप्पा, पाणी वाटतंय," सून म्हणाली. "सोनोग्राफी करायला लागेल. मोकळं असेल तर सुईने निघेल. आत धाग्यांच्या जाळ्या धरल्या असतील तर कदाचित मुंबईला ऑपरेशन."

मला आधी सदरा आठवला. मी विचारलं, "दुसरे कोणी डॉक्टर नाहीत का?"

"आहेत ना. परवा येतील."

"मग परवा करू."

"आणि तोपर्यंत जाळ्या धरल्या तर?"

मी चपला घातल्या. गर्भलिंग तपासणीच्या कायद्यामुळे सोनोग्राफीचं मशीन त्याच्या खोलीतून हलवायची परवानगी नसते, त्यामुळे रांगेत बसणं आलं. बाकावर सगळ्या पोटुशी बायका आणि मधे मी. एक जण सरकून जागा देत म्हणाली, "बसा आजोबा, सुनेला घेऊन आलात का?"

"माझाच नंबर आहे!" मी खेकसलो. सगळ्या तोंडाला पदर लावून हसल्या.

आत नर्सने मला स्टुलावर पाठमोरं बसवलं आणि पुढ्यात टेबलावर उशी ठेवली.

"सदरा काढा, पप्पा."

"थोडा वर करतो."

"पूरा निकालो."

घरी ही पोरगी माझ्याशी हळू आवाजात बोलते. पण मी कंपनीत शिफ्ट सांभाळलेला माणूस, हा आवाज मला कळतो. जो स्वतःच्या कामात पक्का असतो त्याचाच असा निघतो. मी सदरा काढला, बनियनही काढलं आणि उशीत तोंड खुपसलं.

पाठीवर गार जेल लागली. बरगड्यांमधून ती यंत्राचा दांडा फिरवू लागली. खाली, वर, परत खाली. काही बोलेना. मला वाटलं, जाळ्याच दिसल्या असणार. लाज कधीच पळाली होती, फक्त भीती उरली होती.

"मान वळवा. इकडे बघा," ती म्हणाली. "हे काळं ना, ते पाणी. एक धागा नाही त्यात. एकदम मोकळं आहे."

त्या काळ्यात माझ्या फुफ्फुसाचं टोक हलत होतं, बादलीत सोडलेल्या फडक्यासारखं. माझं मलाच हसू आलं आणि डोळेही भरले.

तिने पेनने पाठीवर खूण केली, बधिर केलं आणि तिथेच सुई घातली. गवती चहासारखं पिवळं पाणी नळीतून बाटलीत उतरलं. मला खोकला आला तशी थांबली. पुन्हा दांडा लावून पाहिलं. काळा भाग आकसून बोटभर राहिला होता. तिचा हात शेवटपर्यंत जराही हलला नाही. मी आयुष्यात चांगले कारागीर पुष्कळ पाहिले, पण असा अभिमान मला कुणाचा वाटला नाही. ही माझ्या घरातली आहे, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला सांगावंसं वाटलं. त्या रात्री मी आडवा झोपलो.

पाणी तपासून गोळ्या सुरू झाल्या. घरी भेटायला भावकी येऊ लागली, अंबरनाथच्या शिवमंदिराकडचे कंपनीतले जुने दोस्त आले. प्रत्येकाला मी सदरा वर करून पाठीवरची सुईच्या जागेची चिकटपट्टी दाखवायचो.

शेवटी बायको वैतागली. "अहो, सदरा खाली करा की! सून समोर उभी आहे, काय म्हणेल?"

"तिलाच विचार," मी म्हटलं. "बरोबर जागा तिनेच शोधली."