आढ्यापर्यंत मोकळं

आमच्या ह्यांना सगळे ओळंबा म्हणतात. भिंत सरळ उभी आहे का हे बघायला सुतार दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. ह्यांच्या खिशात तो कायम असतो, पाहुण्यांकडे जातानाही. जेवताना शेजारचा वाकडा बसला तर त्याला सरळ बसवतील असा माणूस. लोकांची लाकडी घरं बांधण्यात ह्यांचा जन्म गेला आणि मी मात्र बत्तीस वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढली, डोक्यावर माळा घेऊन. त्यातून मी उंच. केस विंचरताना फणी वर आपटायची.

म्हणून स्वतःचं छोटं घर बांधायचं ठरलं तेव्हा मी एकच गोष्ट मागितली. माळा नको, छत नको, डोक्यावरून जाणारी आडवी तुळई नको. अंथरुणावर पडलं की थेट आढं दिसलं पाहिजे, छपराच्या दोन्ही बाजू जिथे वर मिळतात ते लाकूड. हे म्हणाले, होईल. बत्तीस वर्षांत माझं म्हणणं पहिल्यांदाच एका फटक्यात मान्य झालं होतं. तिथेच मला संशय यायला हवा होता.

संशय आला तो जावईबापूंना. ते इंजिनिअर. बोलतात हळू, पण बोलले की सासऱ्यांच्या कपाळाला आठ्या. आडव्या तुळया भिंतींना धरून ठेवतात, त्या काढल्या तर छपराचं वजन भिंतींना बाहेर ढकलणार, असं त्यांनी समजावून सांगितलं. ह्यांनी लगेच पट्ट्या तासून हातभर लांबीचं घर केलं आणि त्यावर दोन विटा ठेवल्या. ओल्या फरशीवर पाय फाकावेत तशा भिंती फाकल्या.

मग दोन दिवस अबोला. जणू भिंती मीच ढकलल्या होत्या. तिसऱ्या दिवशी दुसरं घर तयार झालं. त्यात आढं म्हणजे नुसती पट्टी नव्हती, जाडजूड तुळई होती, दोन्ही टोकांना खांबांवर बसवलेली. वासे आता भिंतींना रेटत नव्हते, त्या तुळईवर भार टाकून निवांत होते. चार विटा ठेवल्या, सहा ठेवल्या, काही हललं नाही. हे असे फुलले की विचारू नका. जावईबापूंनी आकडेमोड करून सोळा इंच उंचीची तुळई ठरवून दिली, तेव्हा हे म्हणाले, "बांधताना छपराला दिलेले टेकू काढल्यावर भिंती बोटभर जरी सरकल्या, तर मी स्वतः तुमच्या आडव्या तुळया टाकीन." पैज ह्यांनी लावली आणि पणाला लागलं माझं आढं.

त्यात मला अवदसा आठवली. समोरच्या त्रिकोणी भिंतीत मधोमध मोठी खिडकी हवी, असं मी म्हणाले. ह्यांनी त्याच संध्याकाळी चौकट करायला घेतली. जावईबापूंना सांगायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

भिंतींचे सांगाडे उभे करायच्या आदल्या दिवशी हे त्या चौकटीसमोर पेन्सिल घेऊन उभे राहिले ते हलेचनात. चहा गार झाला. मी जवळ गेले तर ह्यांचा चेहरा पांढराफटक. ह्यांनी आजवर बांधलेल्या घरांत सगळा भार दोन लांब भिंतींवर यायचा. त्रिकोणी भिंतीवर कधी काही नसायचं, तिथे खुशाल खिडकी ठेवायची, हे हाताला इतकं सवयीचं झालेलं. या घरात मात्र आढ्याचा खांब बरोब्बर त्याच भिंतीच्या मध्यातून खाली येत होता, माझ्या खिडकीतून. तसंच बांधलं असतं तर अर्ध्या आढ्याचं वजन काचेवर आलं असतं.

मी म्हटलं, जाऊ दे ती खिडकी. हे भडकले, खिडकी कशाला जाईल म्हणाले. स्वतः जावईबापूंना फोन लावून सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता. मग चौकट उचकटली आणि तिच्या दोन अरुंद खिडक्या केल्या. मधून खांब खाली नेला, थेट पायाच्या दगडापर्यंत.

टेकू काढायच्या दिवशी जावईबापूंनी दोन्ही भिंतींमधलं अंतर मोजून वहीत लिहिलं. ह्यांचा एक नियम आहे. टेकू निघताना छपराखाली ज्याने ते आखलं त्यानेच उभं राहायचं, बाकी सगळ्यांनी बाहेर. हे आत जाऊन उभे राहिले. मी थोडा वेळ बाहेर थांबले, मग आत जाऊन शेजारी उभी राहिले. अगं, बाहेर जा म्हणाले. मी म्हटलं, छप्पर मागितलं कुणी?

जावईबापूंनी बाहेरून टेकूंना बांधलेली दोरी ओढली. टेकू एकेक करून पडले. शेवटचा पडला तेव्हा वर कुठेतरी लाकूड करकरलं आणि माझी बोटं ह्यांच्या दंडात रुतली. मग शांत झालं. जावईबापू आत आले, टेप लावला, वही बघितली, पुन्हा टेप लावला. "तेवढंच आहे बाबा," ते म्हणाले. "जराही फरक नाही."

मी मान वर केली. माझ्यात आणि आढ्यात काहीच नव्हतं. डोळे भरून आले आणि पाठोपाठ रागही आला, खरंच आला.

"अहो, एवढं येत होतं तर बत्तीस वर्षं का नाही केलंत?"

स्वतःला काही येत नाही असं मी ह्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. जावयासमोर तर नाहीच.

"तेव्हा येत नव्हतं," हे म्हणाले.